जुन्या बाइकला थर्ड पार्टी पुरे की फुल? ठाणे स्टेशनला गाडी लावणाऱ्याचा हिशेब

माझी बाइक २०१७ची, १२५ सीसी. ऐरोलीच्या एका गृहस्थांकडून २०२३मध्ये ४४ हजारांना घेतली. पहिलं वर्ष तिच्यावर नुसती थर्ड पार्टी होती, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढ्यापुरता विमा. त्यानंतर आजतागायत फुल, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान आणि चोरीही ज्यात येते ती, जिला आपल्याकडे फर्स्ट पार्टीही म्हणतात. झिरो डेप, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून क्लेममधून पैसे न कापणारी जादा हप्त्याची पॉलिसी, मी स्वतः कधी घेतली नाही, पण नेरुळला राहणाऱ्या मेव्हण्याच्या बाइकवर तिचा क्लेम होताना जवळून पाहिला. तेव्हा पुढे जे लिहितोय ते साधारण ३५ ते ६० हजारांच्या, पाच-सात वर्षं चाललेल्या गाडीला लागू पडेल. वर्ष-दीड वर्षाची गाडी घेत असाल तर फुलच घ्या, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

आधी पैसे. थर्ड पार्टीचा दर सरकारने ठरवलेला असतो, त्यामुळे कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तो तेवढाच. जून २०२२मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. मला ते ८४३ रुपये पडले. त्याच्या जोडीला मालकाचा स्वतःचा १५ लाखांचा अपघात विमा, तो मला साडेतीनशेच्या आसपास मिळाला. तुमच्याकडे दुसरीकडून तेवढा अपघात विमा आधीच असेल तर तो परत घ्यावा लागत नाही. नसेल तर मात्र पैसे वाचवायला तिथे हात लावू नका. आणि तो फक्त आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्यालाच लागू होतो. भाऊ गाडी घेऊन गेला तर त्याला नाही.

आता फुलसाठी यावर किती जादा? माझ्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, २४ हजार धरून त्या वर्षी साधारण ४८० रुपये. घेताना मला हा आकडा फार वाटला होता, कारण मिळणार काय याचा हिशेब मी वेगळ्या बाजूने करत होतो. गाडी पडली, धडकली तर साध्या फुल पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे ५० टक्के कापून घेतात. धातूच्या भागांवर गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के जातात. पॉलिसीतले सक्तीचे १०० रुपये आपल्या खिशातून. म्हणजे १,८०० रुपयांचं प्लास्टिक बदललं तर ९०० येणार, २,००० रुपयांच्या लोखंडी कामाचे १,२०० येणार. तेवढ्यासाठी गाडी दोन दिवस सर्व्हिस सेंटरला अडकवायची, सर्व्हेअरची वाट बघायची. मानपाड्याचा आमचा मेकॅनिक तेच काम संध्याकाळी करून देतो. म्हणून मी थर्ड पार्टीवर थांबलो, आणि डागडुजीपुरतं पाहिलं तर तो हिशेब मला अजूनही चुकीचा वाटत नाही.

चूक दुसरीकडे होती, आणि ती कळली त्या वर्षी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात.

माझं रोजचं जाणं असं की मानपाड्याहून बाइकने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे. पश्चिमेला गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट, हे ठाणेकराला सांगायला नको. सणाच्या गर्दीत पे अँड पार्क भरलेलं होतं म्हणून त्या दिवशी जिथे लावायला नको तिथे लावली. रात्री पावणेदहाला जिना उतरून आलो तर जागा रिकामी. माझ्या शेजारच्या दोन स्कूटरही नव्हत्या, पण ते त्या क्षणी लक्षातच आलं नाही. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत मी गल्ली दोनदा पालथी घातली, घरी फोन केला, आणि डोक्यात एकच आकडेमोड चालू होती: ४४ हजार गाडीचे, दोन महिन्यांपूर्वी टाकलेले दोन्ही टायर, आणि थर्ड पार्टीत यातला एक रुपया परत येत नाही. ४८० रुपये वाचवायला मी हे केलं होतं. शेवटी कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, ‘दादा, सातच्या सुमाराला टोइंगची गाडी आली होती.’ दंड भरला, गाडी मिळाली.

पण त्या रात्रीपेक्षा त्रास झाला तो नंतर. रोज संध्याकाळी जिना उतरताना नजर आधी त्या कोपऱ्याकडे जायची. टाकी दिसली की पाय सैल पडायचे. पुढचे दहा महिने हे चाललं, एकही दिवस चुकला नाही. गाडी घरच्या सोसायटीत वॉचमनच्या समोर उभी राहणाऱ्या माणसाला हे कदाचित जाणवणारही नाही. ज्याची गाडी दिवसाचे बारा तास रस्त्यावर उभी असते, त्याने मात्र चोरीचा भाग वेगळा काढून विचार करावा असं मला वाटतं. चोरी झाली तर प्लास्टिकचे ५० टक्के वगैरे भानगड नसते. पॉलिसीत लिहिलेली आयडीव्ही, वजा शंभर रुपये, एवढा सरळ हिशेब असतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तरी गाडी पूर्ण गेली असंच धरतात. जुन्या गाडीला फुल घ्यायची ती या दोन प्रसंगांसाठी. इंडिकेटर फुटण्यासाठी नव्हे.

रिन्यूच्या वेळी फुलवर गेलो तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे थर्ड पार्टीवरून वर यायचं तर कंपनी गाडी बघायला मागते. मला मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावला, चासी नंबरसकट. चिखल पुसून, दिवसा उजेडात काढा, नाहीतर परत काढावा लागतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाच वर्षांपर्यंत आयडीव्ही ठरलेल्या तक्त्याप्रमाणे उतरते, पाचव्या वर्षाला ती निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर मात्र ती कंपनी आणि आपण दोघांनी मिळून ठरवायची असते. ऑनलाइन पॉलिसी काढताना माझ्यासमोर जो स्वस्त आकडा आला होता तो सगळ्यात खालची आयडीव्ही धरून होता. ती मी २४ हजारांवरून ३० हजारांवर नेली, प्रीमियम वाढला सव्वाशे रुपयांच्या आसपास. गाडी गेली तर सहा हजार जास्त हातात येतील, त्यासाठी सव्वाशे. पॉलिसी स्वस्त दिसावी म्हणून आयडीव्ही खाली ठेवणं मला पटत नाही. मग फुल घेतली कशाला?

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली, जी खरं तर पैशांच्या आधी यायला हवी होती. माझी बायको सकाळी माझ्याच मागे बसून स्टेशनपर्यंत येते. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठीचा विमा. तिथे भरपाईला कमाल मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल तेवढी, आणि मालमत्तेच्या नुकसानाला एक लाखापर्यंत. पण मागे बसलेला माणूस त्यात येतो असं आपण गृहीत धरतो. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की कायद्यापुरत्या पॉलिसीत मागे बसणाऱ्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. उलट नोव्हेंबर २००९च्या परिपत्रकात विमा नियामकाने स्पष्ट केलं की पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपल्या फुलमध्ये, ती येते. नुसत्या थर्ड पार्टीवर जादा हप्ता भरून मागच्याला घेता येतं, पण त्यासाठी आधी ते माहीत हवं आणि मागून घ्यायला हवं. मागे रोज कोणी बसत असेल तर माझ्या मते प्रश्न इथेच संपतो.

झिरो डेपबद्दल थोडक्यात. मेव्हण्याची गाडी तेव्हा तीन वर्षांची होती. स्टेशनबाहेर ओळीने लावलेल्या गाड्यांपैकी कोणीतरी आपली ओढून काढली आणि अख्खी रांग आडवी झाली. लिव्हर, आरसा, हेडलाइटचं कव्हर, मडगार्ड मिळून बिल ३,२०० रुपये. कंपनीने जवळजवळ सगळं दिलं, पैशांची तक्रार नाही. पण गाडी दोन दिवस आत होती, आणि महिन्याभरात ती तशीच पुन्हा पडली तेव्हा त्याने क्लेम केलाच नाही, बाहेर ८०० रुपयांत काम करून घेतलं. लोक एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिणारी सूट, जाईल म्हणून घाबरतात, पण जुन्या गाडीत ती भीती फार मोठी नाही. एनसीबी फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर असते. तो भागच चारशे-पाचशेचा असेल तर त्याचे २० किंवा २५ टक्के म्हणजे शंभर-सव्वाशे. खरी किंमत त्या दोन दिवसांची आहे. शिवाय पाच वर्षांनंतर झिरो डेप बऱ्याचदा मिळतच नाही. तीन वर्षांच्या आतली, महागड्या प्लास्टिकची गाडी असेल तर घ्या. माझ्यासारख्या साध्या गाडीला नको.

इंजिनाच्या जादा कव्हरचंही तसंच. पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली किंवा वंदना टॉकीजजवळ पाणी साचतं ते आपण दरवर्षी बघतो. पुराचं नुकसान साध्या फुलमध्ये येतं. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारून इंजिन गेलं, तर तिथे कंपनी हात आखडते. ढकलत बाहेर काढा, मेकॅनिककडून ऑइल बदलून घ्या, मगच सुरू करा. १२५ सीसीला एवढं पुरतं असा माझा तरी अनुभव आहे.

थर्ड पार्टी आणि अपघात विमा एवढंच घेणं कधी बरोबर? गाडी बारा-तेरा वर्षांची, विकली तर पंधरा हजारही येणार नाहीत, सोसायटीत आत उभी राहते, मागे कोणी बसत नाही. अशी गाडी असेल तर मीही तेवढंच घेईन.

घेताना विकणारा म्हणेल, ‘इन्शुरन्स आहे की अजून दोन वर्षं.’ कागद उघडून बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची झाली, त्यामुळे २०२२च्या गाडीवर २०२७ ची तारीख दिसते, पण ती बहुतेक वेळा थर्ड पार्टीचीच असते. फुलचा भाग पहिल्याच वर्षी संपलेला असतो. आणि तो चालू असला तरी आपोआप तुमचा होत नाही. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टी तुमच्याकडे येते, स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र १४ दिवसांत कंपनीला कळवून नावावर करून घ्यावा लागतो. विकणाऱ्याची एनसीबीही त्याच्याबरोबर जाते, कारण ती माणसाची असते, गाडीची नाही. आरसीवर कर्जाचा बोजा राहिला असेल तर तोही आधी उतरवून घ्या, नाहीतर क्लेमचे पैसे आधी फायनान्सवाल्याकडे जातात.

चोरीच्या क्लेमला पोलिसांकडचा एफआयआर लागतो, तपास लागला नाही असा ‘ए समरी’ अहवाल लागतो, आणि कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. हे मला फुल घेतल्यावर कळलं, आणि माझ्याकडे किल्ली एकच होती. सौदा झाला तेव्हा दुसरीबद्दल विचारायचं सुचलंच नव्हतं. एका रविवारी ऐरोलीला परत गेलो. त्या काकांनी देवघराखालचा खण उपसला, जुन्या बिलांच्या खाली ती सापडली, कंपनीच्या मूळ टॅगसकट. आता ती आमच्या कपाटात पॉलिसीच्या फाइलला बांधलेली असते.