सिस्टमरेस्क्यूची डिस्क, सात महिन्यांनंतर: पासवर्ड सापडत नाही, पुसला जातो

पासवर्ड विसरलेल्या विंडोजच्या व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) काल रात्री दोन वाजता एकदाचं लॉगिन झालं, डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकतोय. सात महिन्यांत सिस्टमरेस्क्यूचा, म्हणजे अडलेलं मशीन बाहेरून बूट करून दुरुस्त करायच्या लिनक्स डिस्कचा, आयएसओ (डिस्कची इमेज फाइल) तीन व्हीएमना लावावा लागला. पैसे भरून घ्यायची सॉफ्टवेअरंही बघितली होती, पण मशीन माझंच आणि ते उघडायला वर पैसे मीच मोजायचे हे काही पटेना. ही डिस्क फुकट आहे, ओपन सोर्स आहे.

आयएसओ व्हर्च्युअल सीडीला कसा जोडायचा ते सांगत बसत नाही. एवढंच की व्हीएमची बूट स्क्रीन इतकी झर्रकन जाते की व्हर्च्युअलबॉक्सचं एफ१२ वेळेत दाबलंच जात नाही, त्यापेक्षा सेटिंगमध्ये जाऊन बूट ऑर्डरच बदला. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलीच सिस्टम सुरू होऊ देणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा, त्यात ही डिस्क बूट होत नाही. आणि विंडोजला शटडाउन करून येऊ नका, फास्ट स्टार्टअप चालू असलं की ते अर्धवट झोपलेलं राहतं आणि मग विंडोजचं पार्टिशन फक्त रीड-ओन्ली माउंट होतं, म्हणजे जोडलं जातं पण त्यावर काही लिहिता येत नाही. लॉगिन स्क्रीनवरच्या पॉवर बटणातून रिस्टार्ट द्या, त्यात विंडोज पूर्ण बंद होतं.

आता माझी खरी तक्रार. डिस्कमधलं सीएचएनटीपीडब्ल्यू हे विंडोजचा पासवर्ड पुसणारं टूल पेटर नॉर्डाल-हागेन यांचं, शेवटची आवृत्ती २०१४ ची, तरी आजही काम करतं. सिस्टम३२ च्या कॉन्फिग फोल्डरमधली सॅम फाइल, म्हणजे जिच्यात विंडोज युजरच्या पासवर्डची नोंद ठेवतं ती, त्याला द्यायची (लिनक्समधून बघताय, कॅपिटल-स्मॉल अक्षरं जशीच्या तशी टाइप करा), आपला युजर निवडायचा, मेनूत १ दाबलं की पासवर्ड क्लिअर, क्यू दाबून बाहेर. बाहेर पडताना ते विचारतं, राइट हाइव फाइल्स (म्हणजे केलेला बदल सॅम फाइलमध्ये लिहू का)? वाय की एन, आणि पुढे कंसात एन. म्हणजे नुसता एंटर मारला की उत्तर 'नाही' आणि केलेलं सगळं वाया.

पहिल्या वेळी मी एंटर मारला. वर 'पासवर्ड क्लिअर्ड' असं स्वच्छ लिहून आलेलं, म्हटलं झालं काम. बूट केलं तर जुनाच पासवर्ड मागतोय. परत डिस्क, परत १, परत एंटर. माउंटमध्ये गडबड असेल, फाइल चुकीची असेल, युजर वेगळा असेल, सगळ्या शंका घेऊन झाल्या, दोन तास गेले आणि चौथ्या फेरीत ती शेवटची ओळ नीट वाचली. वाय दाबला, एका झटक्यात आत. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत होतो की तिथे डिफॉल्ट वाय हवा, माणूस एवढं सगळं करून शेवटी 'नाही' कशाला म्हणेल.

मध्ये एका लिनक्स व्हीएमचा रूट पासवर्ड गेला, म्हणजे ती बनवणारा दुसरीकडे गेला आणि पासवर्ड कुठेच लिहून ठेवलेला नव्हता. तिथे फारसं काही झालं नाही. डिस्कची वाटणी एलव्हीएमने केलेली होती म्हणून ती जागी करायला आधी व्हीजीचेंज, मग माउंट, त्या सिस्टमच्या आत शिरायला आर्च-सीएचरूट, नवा पासवर्ड द्यायला पासडब्ल्यूडी, पाच मिनिटं. एसईलिनक्स (फायलींवर लेबलं लावून परवानग्या तपासणारी लिनक्सची सुरक्षा) असेल तर निघताना रूटमध्ये डॉट-ऑटोरिलेबल नावाची रिकामी फाइल तेवढी करून ठेवा, नाहीतर नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन अडू शकतं.

या आठवड्यात गेला तो माझ्या रोजच्या कामाच्या व्हीएमचा. डिस्क लावली, १, क्यू, वाय, आत. खूश होऊन ब्राउझर उघडला तर सेव्ह केलेला एकही पासवर्ड चालेना. पोटात गोळा आला. विंडोज ही गुपितं डीपीएपीआय या आपल्या एन्क्रिप्शनच्या सोयीने कुलूपबंद ठेवतं आणि लोकल अकाउंटला त्या कुलपाची किल्ली लॉगिन पासवर्डवरूनच बनते. पासवर्ड बाहेरून पुसला की किल्ली गेली. विंडोजच्याच ईएफएसने एन्क्रिप्ट केलेल्या फायलींचंही तेच होतं. आणि मी वाय दाबून मोकळा झालो होतो.

वाचलो ते स्नॅपशॉटमुळे, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली प्रत, जिच्यावर परत जाता येतं. डिस्क लावायच्या आधी व्हीएम बंद करून एक घेतला होता. त्यावर परत गेलो आणि या वेळी काहीच लिहिलं नाही, पार्टिशन मुद्दाम रीड-ओन्ली माउंट करून सॅम आणि सिस्टम या दोन फायली फक्त बाहेर कॉपी केल्या. सॅममध्ये पासवर्ड नसतो, त्याचा एनटी हॅश (पासवर्डवरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा) असतो तोही एन्क्रिप्ट केलेला, आणि तो उलगडायला लागणारी बूट की सिस्टम फाइलमध्ये असते, म्हणून दोन्ही लागतात. इम्पॅकेट या टूलसंचातल्या सीक्रेट्सडम्पने हॅश काढला, एकेक अंदाज हॅशशी ताडून बघणाऱ्या हॅशकॅटला दिला, एनटी हॅशसाठीचा मोड १०००. एनटी हॅश म्हणजे एमडी४ ही जुनी, झटपट पद्धत, त्यात सॉल्टही (प्रत्येक पासवर्डला मिसळायचा वेगळा तुकडा) नाही, त्यामुळे अंदाज प्रचंड वेगाने तपासून होतात. पासवर्ड आठवत नव्हता पण सवय माहीत होती, आधी शब्द, मग साल, शेवटी चिन्ह. माझ्या नेहमीच्या शब्दांची यादी केली, सालं आणि चिन्हं जोडायचा नियम लावला, आणि चहा व्हायच्या आत उत्तर स्क्रीनवर. शब्द बरोबरच होता. मी दोन दिवस २०२४ टाकत होतो, पासवर्डात २०२३ होतं आणि चिन्ह दोनदा.

त्यामुळे वायवाला हट्ट मी सोडला. तिथे डिफॉल्ट एन आहे तेच बरोबर, फार तर डिफॉल्टच नको, वाय किंवा एन टाइप केल्याशिवाय पुढे जाऊच देऊ नये. बिटलॉकर (अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) असेल आणि रिकव्हरी की नसेल तर मात्र यातलं काहीच चालत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर पासवर्ड त्यांच्या साइटवरूनच बदला, ते सोपं पडतं.

दोन वाजता मूळ स्नॅपशॉटवर खरा पासवर्ड टाकला. ब्राउझरमध्ये सगळं जागच्या जागी. एक्सपोर्ट करून पासवर्ड मॅनेजरमध्ये भरलं, ती एक्सपोर्टची फाइल पुसली आणि मगच झोपलो.