ड्रॉप-डाउन आणि कंडिशनल फॉरमॅटिंग: मशीन शॉपच्या रिजेक्शन शीटवर दिवाळीपासून वापरल्यानंतरचा अनुभव

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतनं (ओतकामाच्या कारखान्यातनं) कास्टिंग म्हणजे ओतीव भाग येतात, बोअरिंग-ड्रिलिंग करून आम्ही परत पाठवतो. दिवाळीपासून रिजेक्शनची, म्हणजे बाद झालेल्या पीसची, रोजची एक्सेल शीट ड्रॉप-डाउन (सेलमध्येच यादीतनं निवडायची सोय) आणि कंडिशनल फॉरमॅटिंगवर (अट जुळली की सेल आपोआप रंगतो) चालतेय. लोक रंगांच्या मागं लागतात, पण खरं काम ड्रॉप-डाउन करतं, रंग नंतर.

आमच्या धंद्यात रिजेक्शन दोन जातीचं. सीआर म्हणजे कास्टिंगचाच दोष, तो फाउंड्रीच्या खात्यात, आणि एमआर म्हणजे मशिनिंगमध्ये बिघडलेलं, त्याचे पैसे आमच्या बिलातनं कट. त्यामुळं पीस कशानं गेला हे नीट लिहिलेलं नसलं की महिनाअखेरीला वाद ठरलेला. आधी शीटमध्ये एकजण 'ब्लो होल' (कास्टिंगमधलं हवेचं भोक) लिहायचा, दुसरा 'ब्लोहोल', सेकंड शिफ्टवाला नुसतं 'होल', आणि कुणीतरी शेवटी एक स्पेस सोडून द्यायचा जी डोळ्याला दिसतच नाही. माणसाला हे सगळं एकच, पण काउंटइफला (एकसारख्या नोंदी मोजणारं एक्सेलचं फंक्शन) चार वेगळ्या गोष्टी, मग बेरीज कुठनं जुळायची!

आता कारणांची यादी वेगळ्या शीटवर टेबलमध्ये आहे आणि डेटा व्हॅलिडेशनच्या (ड्रॉप-डाउन बनवायची खिडकी) सोर्समध्ये त्या टेबलची रेंज दिलीय. सोर्समध्ये कॉमा देऊन थेट टाइप करता येतं, पण एक्सेलमध्ये तिथं २५५ अक्षरांचीच मर्यादा आहे आणि एक शब्द वाढवायचा तरी परत तीच खिडकी उघडा. टेबलमध्ये खाली नवीन कारण लिहिलं की ते लिस्टमध्ये आपोआप येतं. यादीबाहेरचं काही लिहिलं की येणारा एरर अलर्ट 'स्टॉप'वरच ठेवा, 'वॉर्निंग' ठेवलं तर घाईत माणूस येस दाबून पुढं जातो. आणि यादीत शेवटी 'इतर' पाहिजेच, शेजारी शेरा लिहायला कॉलम, नाहीतर न बसणारं कारण लोक पहिल्या पर्यायात ढकलतात आणि सगळा हिशोबच खोटा होतो. शनिवारी मी फक्त 'इतर'चे शेरे वाचतो, एकच गोष्ट परत परत आली की ती यादीत जाते. 'हार्ड स्पॉट' (कास्टिंगमधला कडक भाग) असाच आत आला.

एकमेकांवर अवलंबून असलेली लिस्ट मात्र लई भारी प्रकार आहे. आधी सीआर निवडलं तर पुढं ब्लो होल, सँड ड्रॉप, कोअर शिफ्ट दिसतं, एमआर निवडलं तर बोअर ओव्हरसाइज, टूल मार्क. प्रत्येक जातीच्या यादीला तिचं नाव देऊन इनडायरेक्ट फंक्शननं होतं, फक्त रेंजच्या नावात स्पेस चालत नाही. पण यात एक भोक आहे, कुणी नंतर सीआरचं एमआर केलं तर पुढचं 'ब्लो होल' तसंच राहतं, एक्सेल काही बोलत नाही. इथं कंडिशनल फॉरमॅटिंग खरं कामाला येतं: लिहिलेलं कारण त्या जातीच्या यादीत काउंटइफनं शून्य आलं की सेल केशरी. हा एक नियम बाकी सगळ्या रंगांपेक्षा मोलाचा आहे असं मी म्हणेन.

पेस्टचा त्रास मोठा आहे. दुसरीकडचा सेल कॉपी करून टाकला की ड्रॉप-डाउनच पुसला जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरनं मजकूर चिकटवला तर व्हॅलिडेशन त्याला अडवतच नाही. 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' दाबलं की असल्या सेलभोवती लाल गोल येतात, पण ड्रॉप-डाउनच गेलेला सेल त्यात सापडत नाही, तो वेगळा हुडकावा लागतो.

डिस्पॅचच्या शीटवर अख्खी ओळ रंगवायची असेल तर फॉर्म्युल्यात डॉलर चिन्ह कॉलमच्या अक्षराआधी द्या, ओळीच्या आकड्याआधी देऊ नका. आणि तारीख टुडेपेक्षा (आजच्या तारखेपेक्षा) लहान असेल तर लाल, एवढाच नियम दिला तर खालच्या सगळ्या रिकाम्या ओळी लाल होतात, कारण रिकामा सेल म्हणजे एक्सेलला शून्य, तेव्हा 'तारीख रिकामी नसावी' आणि 'डिस्पॅच झालेलं नसावं' या अटी सोबत जोडाव्या लागतात. एक्सेल २००३ मध्ये एका सेलला तीनच नियम देता यायचे, २००७ पासून ती मर्यादा गेली, पण माझ्या मते आजही तीन रंग बास. ओळी कॉपी करत राहिलं की एकच नियम तुकडे होऊन मॅनेज रूल्समध्ये (नियमांच्या यादीत) ढीगभर दिसायला लागतो, महिन्यातनं एकदा तिथं झाडू मारावाच लागतो.

इन्स्पेक्शनचे मामा, जे आधी वहीच बरी म्हणायचे, ते आता ऑल्ट आणि खालचा बाण दाबून माऊसला हात न लावता भरतात. गेल्या महिन्यात पिव्होट (नोंदी गटानं मोजून देणारा तक्ता) लावला तर कोअर शिफ्टचे बहुतेक पीस एकाच पार्टचे आणि एकाच हीट कोडचे, म्हणजे धातूच्या एकाच वितळणीतले, निघाले, फाउंड्रीवाल्यांनी ते बघून सरळ मान्य केलं, डेबिट नोटवर (पैसे वळते करायच्या कागदावर) वादच झाला नाही.

आता पार्ट नंबरचाही ड्रॉप-डाउन करायचाय, पण आमच्या जुन्या एक्सेलमध्ये एका वेळी आठच नावं दिसतात आणि टाइप करून शोधता येत नाही, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ती सोय आहे. त्यामुळं लांब यादीसाठी जुनं एक्सेल घेऊन बसू नका, दहा-पंधरा कारणांसाठी मात्र बिनधास्त वापरा.