बाल्डविन काउंटी, अलाबामा: स्वावलंबी घर-शेतीसाठी राहून पाहिल्यानंतरचा अनुभव

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या दक्षिण टोकाला, मोबाइल उपसागर आणि मेक्सिकोचे आखात यांच्या बेचक्यात असलेल्या या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) रॉबर्ट्सडेल गावाजवळ थोडी जमीन घेऊन आम्ही राहू लागलो, त्याला आता एक उन्हाळा आणि एक हिवाळा उलटला आहे. पिकांच्या बाबतीत काउंटीला मी सढळ हाताने गुण देईन. संकटकाळातील सोयीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागेल.

पाऊस वर्षाला सुमारे १,६५० मिलिमीटर, म्हणजे रत्नागिरीच्या साधारण निम्मा, पण तो बाराही महिने विभागून पडतो. भेंडी, चवळी आणि रताळी भर उन्हाळ्यातही जोमाने येतात. टोमॅटो मात्र जुलैच्या उष्ण रात्रींत फळ धरत नाही, म्हणून त्याची लागवड वसंतात आणि पुन्हा शरदात करावी लागते. जमीन रेताड आणि आम्लधर्मी असल्यामुळे चुना व शेणखत यांना पर्याय नाही. सात्सुमा संत्री येथे होतात खरी, परंतु जानेवारी २०२५ मध्ये याच किनाऱ्यावर विक्रमी बर्फ पडला होता, हे उबदार हवेवर भाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. (लाल मुंग्यांची वारुळे अंगणात रोज नवी उगवतात, अनवाणी फिरण्याची कोकणी सवय येथे सोडावीच लागते.)

आता खरा प्रश्न वादळांचा. २००४ मध्ये आयव्हन आणि बरोबर सोळा वर्षांनी, १६ सप्टेंबर २०२० रोजी, सॅली ही चक्रीवादळे याच काउंटीच्या किनाऱ्यावर धडकली. सॅलीचा रोख आधी पश्चिमेकडच्या लुइझियाना-मिसिसिपी राज्यांकडे होता. ते ऐनवेळी पूर्वेला सरकले आणि माणसाच्या चालीने पुढे जात तुफान पाऊस ओतत राहिले. त्यामुळे ‘इशारा मिळाल्यावर निघू’ या भरवशावर येथे राहू नये. किनाऱ्यावरच्या गल्फ शोर्स गावाची वाळू मोहात पाडते, तरीही जमीन आतल्या भागात, उंचवट्यावर आणि पाण्याचा निचरा पाहूनच घ्यावी.

धान्याच्या साठ्याचा विचार सगळेच करतात, पण येथे वादळात वीज गेली की आधी अडते ते पाणी. आमच्या विहिरीचा पंप २४० व्होल्टचा आहे, आणि दुकानात स्वस्तात मिळणारे छोटे जनरेटर १२० व्होल्टच देतात. म्हणजे दिवे लागतील, नळ कोरडाच राहील. मोठा जनरेटर घेऊन त्याची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतल्यावरच ही काळजी मिटली. गॅरेजमध्ये ठेवलेल्या तांदळात दमट उष्म्याने पोरकिडे झाले, तेव्हापासून धान्य घरातच, हवाबंद डब्यांत ठेवतो.

छत ‘फोर्टिफाइड’ या वादळात टिकणाऱ्या बांधकामाच्या मानकाचे असल्यास अलाबामात विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते, आणि जुने घर घेतानाही त्याचे प्रमाणपत्र मागावे. मात्र घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो; वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होत असल्याने ते काम एप्रिलअखेरीस उरकलेले बरे.