गंज काढायचं रबर: विळी-सुरीसाठी घ्यावं का?

जपानी सुऱ्या विकणारे 'साबितोरू' नावाचं एक रबर ठेवतात. दिसायला खोडरबरासारखंच, पण आत कठीण, खरखरीत कण कालवलेले. जाड, मध्यम आणि बारीक अशा तीन प्रकारांत येतं. पावसाळ्यात लोखंडी विळीवर किंवा कार्बन स्टीलच्या सुरीवर जो तांबूस गंज चढतो, त्यासाठी हे रबर उत्तम. एकच घ्यायचं तर मध्यम घ्या. आरशासारखं पॉलिश केलेल्या पात्याला मात्र ते लावू नका, ओरखडे उठतात. बारीक रबरसुद्धा थोडी चकाकी नेतंच.

रबर आणि पातं दोन्ही ओलं करा. सुरी लाकडी फळीवर आडवी दाबून धरा आणि पात्यावर मुळात ज्या दिशेने घासल्याच्या रेषा आहेत, त्याच दिशेने रबर चालवा. धारेकडून पाठीकडे उलटं घासू नका: धार रबरात रुतते, तुकडा उडतो आणि बोट नेमकं तिथेच असतं. तपकिरी चिखल सुटेल, तो पुसत पुसत बघा. तांबडा रंग गेला की थांबायचं. खाली राहिलेला करडा-निळसर थर गंज नाही. तो पात्याला थोडाफार जपतो, त्याला हात लावायचं कारण नाही.

विळीवर हे रबर खरं उपयोगी पडतं, कारण ते कटरने कापता येतं. गंजाची सुरुवात बहुतेकदा पातं पाटाला जोडलेलं असतं त्या खिळीपाशी होते. तिथे पाणी साचतं आणि फडकं पोचत नाही. बोटभर रुंदीची पट्टी कापून त्या सांधीत घाला. खवणीच्या दात्यांवर मात्र रबर फुकट जातं, दाते ते फाडून टाकतात.

खड्डे पडले असतील तर रबराचं काम संपलं. ते वरचं घासतं, खड्ड्याच्या तळाशी पोचत नाही. तिथे सायट्रिक अ‍ॅसिड: 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात. फक्त पातं बुडवा. लाकडी मूठ भिजली की फुगते आणि आतला दांडा गंजतो. दर 10 मिनिटांनी काढून जुन्या टूथब्रशने घासा, अर्ध्या तासापुढे जाऊ नका. रात्रभर ठेवलं तर गंजाबरोबर चांगलं लोखंडही खाल्लं जातं आणि पातं काळपट, खरखरीत होतं. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा, नाहीतर बघता बघता पुन्हा तांबूस झाक येते. खवणीलाही हेच करा. क्लोरीनवाल्या ब्लीचजवळ अ‍ॅसिड नेऊ नका, विषारी वायू सुटतो.

तेलाचा हात फिरवल्याशिवाय पातं ठेवायचं नाही. रोजच्या वापरातल्या विळीला खोबरेल चालतं. महिनोन्‌महिने ठेवायच्या सुरीला गोडं तेल नको, ते चिकट होऊन बसतं. औषधाच्या दुकानातलं साधं, दुसरं काही न मिसळलेलं लिक्विड पॅराफिन लावा. चामड्याच्या म्यानात सुरी साठवू नका, चामडं ओल धरतं.

स्टेनलेसवरच्या बारीक तांबड्या ठिपक्यांसाठी रबर विकत घेण्याची गरज नाही. ते बहुधा मिठाने किंवा लोखंडी तारेच्या घासणीने येतात; घासणीचे कण पात्यावर अडकतात आणि तेच गंजतात. सोड्याची पेस्ट आणि मऊ स्पंज पुरे.

गंज निघाला तरी धार परत येत नाही, ती गंजाने आधीच खाल्लेली असते, म्हणून शेवटी पाण्याच्या दगडावर (पाणी लावून वापरायचा धारेचा दगड) धार लावावीच लागते. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे द्यायचं असेल तर पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. कोरड्या चाकावर धार तापते. धारेशी निळी पट्टी दिसली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा. तेवढं लोखंड घासून काढेपर्यंत तिथे धार टिकणार नाही.