पालकांसाठीचा ऑनलाइन कोर्स: टीनएजर्समध्ये ट्रान्सजेंडर ओळख का वाढतेय?

कोर्स चांगला आहे, पण अर्धवट. सुरुवात ब्रिटनच्या आकड्यांनी होते, तिथल्या मुलांच्या जेंडर क्लिनिककडे (स्वतःच्या लिंगओळखीबद्दल प्रश्न असलेली मुलं जिथे पाठवली जायची) २०११-१२ मध्ये वर्षाला २५० पेक्षा कमी केसेस यायच्या आणि २०२१-२२ मध्ये ५,००० च्या वर गेल्या, शिवाय आधी जन्माने मुलगे असलेले जास्त असायचे, नंतर जन्माने मुली असलेल्या जास्त झाल्या. हा ग्राफ स्क्रीनवर आला आणि चॅटमध्ये धडाधड मेसेज, मोबाईलमुळेच होतंय सगळं! शिकवणाऱ्या मॅडमनी घाई केली नाही, हे मला फार आवडलं. त्यांनी २०१८ चा अमेरिकन संशोधक लिसा लिटमन यांचा पेपर नीट उलगडला, मैत्रिणींच्या ग्रुपमधून आणि सोशल मीडियातून ही ट्रान्स ओळख पसरते असा त्यातला अंदाज, पण उत्तरं दिली होती २५६ पालकांनी, तीही मुख्यतः आधीच चिंतेत असलेल्या पालकांच्या वेबसाइट्सवरून, मुलांना कुणी विचारलंच नाही, आणि २०१९ मध्ये जर्नलला करेक्शन छापावं लागलं. स्वीकार वाढला म्हणून मुलं आता बोलतात, हा मुद्दाही आला, पण घाईघाईत उरकला.

राग आला तो २०२४ च्या कॅस अहवालावर, म्हणजे इंग्लंडमधल्या मुलांच्या जेंडर सेवांच्या स्वतंत्र तपासणीवर, फक्त पाच मिनिटं दिली म्हणून. अहो, एकच कारण पुरत नाही, शरीर, मन, समाज सगळं गुंतलेलं आहे हे तिथेच तर लिहिलंय! डिप्रेशन, ऑटिझम यावर एक स्लाइड, आणि स्वतः ट्रान्स असलेल्या मुलाचा आवाज कोर्सभर कुठेच नाही, हे मला अजिबात पटलं नाही. तीन स्टार. घ्या, पण आधी आपल्या मुलाशी बोला, त्याचं ऐका.