पडवीतली फियाट

2025 च्या फेब्रुवारी महिन्यात मी गुहागर तालुक्यातील एका वाडीत, 1971 सालची म्हणून दाखवलेली फियाट 1100 डिलाइट 1 लाख 35 हजार रुपयांना विकत घेतली. ती गाडी 1971 सालची नव्हती आणि ज्याने ती विकली तो तिचा मालकही नव्हता. जुन्या गाड्यांची आवड असलेली माणसे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात बरीच आहेत, त्यांच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून घडले ते लिहितो आहे.

माझ्या वडिलांकडे अशीच फियाट होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, 1089 सीसी इंजिनाची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली ही गाडी पुढे प्रीमिअर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. निवृत्तीनंतर तशी एक गाडी दारात असावी, एवढीच माझी इच्छा होती. परंतु नीट जपलेल्या गाडीला दोन-अडीच लाख रुपये मागितले जात होते, त्यामुळे दीड लाखाच्या आतली गाडी आहे असे एका परिचिताने कळवताच मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

विक्रेता चाळिशीचा, बोलायला अतिशय मृदू होता. गाडी चुलत्यांची, चुलते आता नाहीत, जुने घर मोडून नवे बांधायचे आहे आणि पाऊस लागायच्या आत पडवी पाडायची असल्याने गाडी हलवणे भाग आहे, असे त्याने सांगितले. "काका, तुम्ही आपल्याच बाजूचे, तुमच्याकडे गेली तर जपली जाईल," असेही तो म्हणाला. कोकणात बांधकामाची सारी घाई पावसाच्या आधीच असते, त्यामुळे किंमत कमी असण्याचे हे कारण मला पूर्णपणे पटले. आज मागे वळून पाहताना वाटते की मी त्या संध्याकाळी गाडीपेक्षा त्याची हकीकतच अधिक तपासली, आणि ती खरी वाटल्यावर गाडीही खरी मानली.

गाडी पडवीत भिंतीला लागून उभी होती आणि दुसऱ्या अंगाला जळणाची फाटी रचलेली होती, त्यामुळे एका दारापलीकडे नीट पोहोचताच येत नव्हते. टायरमध्ये हवा नसल्याने ती उजेडात काढता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. दुसरी बॅटरी जोडून इंजिन सुरू करून दाखवले आणि ते खरोखरच चांगले चालत होते. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हापासून आमच्याकडे जुनी गाडी घेणारा माणूस सर्वप्रथम पुराचा गाळ शोधतो. मीही सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे आणि डिकीच्या कोपऱ्यांत हात घालून गाळ शोधला. तो नव्हता, म्हणून मी निश्चिंत झालो. गाडीखाली वाकून पाहण्याचे आणि चासी नंबर स्वतः वाचण्याचे मात्र राहून गेले.

25 हजार रुपये मोबाइलवरून आणि उरलेले 1 लाख 10 हजार रोख दिले. आरसी बुक तिसऱ्याच माणसाच्या, मुंबईच्या पत्त्यावर होते. त्यासोबत गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठी लागणारे 29 आणि 30 क्रमांकाचे फॉर्म केवळ सह्या करून कोरे ठेवलेले होते. चुलत्यांनी गाडी नावावर करून घेतली नव्हती, असे उत्तर मिळाले आणि तेही मी स्वीकारले. विक्रेत्याने आणखी एक आमिष दाखवले होते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचे नियम केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केले आहेत, तशी नोंदणी झाली की गाडीचे मोल दुप्पट होईल, असे तो म्हणाला. नियम खरा आहे. नवीन नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. मात्र गाडीची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात स्पष्ट अट आहे आणि त्याने नेमकी तीच सांगितली नाही.

गाडी टेंपोत घालून चिपळूणच्या एका वयस्क मेस्त्रींकडे नेली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दारांखालच्या पट्टीवर ठोकत जायला सुरुवात केली. पत्र्याचा टणक आवाज हळूहळू बद्द होत गेला. मग त्यांनी लोहचुंबक लावून पाहिले, तर कित्येक ठिकाणी ते धरेचना, कारण तेथे पत्रा उरलाच नव्हता, सगळी लांबी, म्हणजे भोके बुजवायची पुट्टी, भरलेली होती. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सारा भार पेलते, त्यामुळे तळाचा आणि कडेचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्ला की गाडीचा कणाच गेला, हे मेस्त्रींनी मला समजावून सांगितले. पुढे त्यांनी टपावरचा मलईरंग थोडा खरवडला आणि खालून पिवळा रंग निघाला. दारांवर तोच रंग खरवडला तर खाली काळा. विंडस्क्रीनच्या डाव्या बाजूला, जेथे मुंबईच्या टॅक्सीचा जुना मीटर बाहेर बसवलेला असे, तेथे बुजवलेली छिद्रे सापडली. मी वडिलांच्या आठवणीने ज्या गाडीला हात लावला होता, ती मोडीत निघालेल्या टॅक्सीची बॉडी होती.

शेवटी चासी नंबर पाहिला. तो आरसीशी अक्षरशः जुळत होता, पण ज्या पत्र्यावर तो होता तो हातभर लांबीचा तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून येथे वेल्डिंगने बसवलेला होता. आरसीवरच्या पत्त्यावर मी पत्र पाठवले, तेव्हा मूळ मालकांच्या मुलाने कळवले की वडिलांची फियाट त्यांनी फार पूर्वीच भंगारवाल्याला दिली होती.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की पैसे देण्यापूर्वी गाडी दिवसाच्या उजेडात, चारही बाजूंनी मोकळी करून पाहा. टायरमध्ये हवा भरायला दहा मिनिटे लागतात, जो तेवढेही करू देत नाही त्याच्याकडून उठून या. मेस्त्रीला आधी न्या, माझ्यासारखे नंतर नको. चासी नंबर पुसून स्वतः वाचा आणि त्याच्याभोवती वेल्डिंगची रेघ आहे का, हे बोट फिरवून पाहा. आरसीवरच्या मालकाशी किंवा त्याच्या वारसांशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय कोऱ्या फॉर्मवर विसंबू नका. संपूर्ण रक्कम बँकेतूनच द्या, कारण माझ्या 1 लाख 10 हजार रोख रुपयांचा कोणताही पुरावा माझ्यापाशी नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली मी फसवणुकीची तक्रार दिली आहे. गाडी आमची नव्हती, आपण केवळ जागा दिली होती, असा जबाब विक्रेत्याने दिला आणि मोबाइलवरून मिळालेले 25 हजार हे पडवीचे भाडे असल्याचे तो सांगतो. मूळ मालकांच्या मुलाचे पत्र मी तपासासाठी दिले आहे. गाडी मुद्देमाल म्हणून पोलिस ठाण्याच्या आवारात उभी आहे आणि पहिल्याच पावसाने दारांखालची लांबी सुटून तिचे ढलपे जमिनीवर पडले आहेत.