‘इंजिन कव्हर आहे’ म्हणाले आणि क्लेम नाकारला: एक्स्टेंडेड वॉरंटीचा माझा अनुभव

गाडी बंद पडली त्याला अकरा महिने झाले. इतके दिवस लिहायचं टाळलं, कारण लिहायला बसलं की संतापानं काही सुचायचं नाही. पण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीनं नवी गाडी घेतली आणि फोनवर म्हणाली, "वाढीव वॉरंटीपण घेऊन टाकली, आता इंजिनची काळजी मिटली." नेमकं हेच मी पाच वर्षांपूर्वी घरी सांगितलं होतं. म्हणून आज लिहितेच.

गाडी नवी घेतली तेव्हा कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची होती. तिच्यापुढे आणखी दोन वर्षांची वॉरंटी डिलिव्हरीच्या दिवशी आमच्या गळ्यात पडली. किल्ल्या हातात यायच्या होत्या, मुलं गाडीत बसूनही झाली होती, आणि त्या गडबडीत सेल्समननं एक रंगीत पत्रक पुढे केलं. इंजिनच्या चित्रावर हिरवी खूण. "मॅडम, इंजिन, गिअरबॉक्स, सगळं कव्हर आहे." मी अटींची पुस्तिका मागितली, तर ती मेलवर येईल म्हणाला. आली, पैसे भरल्यावर नऊ दिवसांनी. बत्तीस पानांची. मी ती वाचली नाही, आणि ही चूक माझीच आहे हे मान्य करते.

सव्वाचार वर्षांनी एका संध्याकाळी हायवेवर ब्रेकचं पेडल जरा कडक लागलं. मला वाटलं पायाखाली चटई सरकली असेल. पुढे काही मिनिटांत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला, गाडी कडेला घेईपर्यंत इंजिनमधून टक-टक-टक असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज सुरू झाला, आणि एक झटका देऊन इंजिन थांबलं. पुन्हा किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता कण्हला. इंजिन सीज झालं होतं, म्हणजे आतले भाग एकमेकांत घट्ट अडकून बसले होते.

ते का झालं हे मला नंतर एका बाहेरच्या मेकॅनिकनं समजावलं, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या इंजिनमध्ये झडपांची उघडझाप वेळेवर ठेवायला टायमिंगची साखळी नाही, रबरी पट्टा आहे, आणि तो पट्टा इंजिनच्या आत, ऑइलमध्ये भिजलेला फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी म्हणून अशी रचना करतात. पण चुकीच्या ग्रेडचं ऑइल पडलं, किंवा जवळजवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापलंच नाही आणि पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहिलं, की रबर मऊ पडतं आणि त्याचे कण सुटायला लागतात. ते कण खाली ऑइल चेंबरमध्ये जातात आणि पंपाच्या तोंडावरच्या जाळीत, म्हणजे स्ट्रेनरमध्ये, अडकतात. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही. काही इंजिनांत हेच कण ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपाची वाटही अडवतात, आणि पेडल कडक होतं. माझ्या पायाला ते कळलं होतं, मला कळलं नाही.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग यांच्यामधली फट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी. तेवढ्या जागेत ऑइलचा पातळ थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. ३,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो. तो थर तुटला की बेअरिंग वाचायला वेळच उरत नाही. आणखी एक गोष्ट, जी मला गाडी चालवायला लागून इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हती: तो लाल दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही, ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या काडीवर, ऑइल पुरेसं दिसत असतानाही तो लागू शकतो. माझ्या गाडीत पुरेसंच होतं.

गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "मॅडम, इंजिन खोलून बघितल्याशिवाय क्लेम पाठवताच येत नाही. खोलायची मजुरी तुम्ही भरायची, क्लेम मंजूर झाला की परत मिळेल. इथे सही करा." मी केली. याच सहीनं मी अडकले. क्लेम नाकारला गेला त्या दिवशी माझं इंजिन तीन क्रेटमध्ये सुटं पडलेलं होतं. खोलायची मजुरी गेली, पुन्हा जोडायची वेगळी सांगितली, आणि गाडी उचलून दुसरीकडे न्यावी म्हटलं तर सुटे भाग गोळा करून टेम्पोत घालून न्यायचे. वर गाडी जागा अडवते म्हणून दिवसाचं भाडं लावायची भाषा सुरू झाली. अशा अवस्थेत माणूस भांडायला उभा राहतच नाही, जे सांगतील ते कबूल करतो.

क्लेम का नाकारला हे आधी फोनवर सांगितलं. मी लेखी मागितलं, चार वेळा मागितलं, तेव्हा मेल आला. त्यात तीन कारणं होती.

पहिलं, मागच्या वर्षीची सर्व्हिस ४३ दिवस उशिरा झाली. नियम १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. माझी गाडी त्या वर्षात ६,२०० किलोमीटर चालली होती, मी किलोमीटर बघत बसले, तारीख हुकली. पण ती सर्व्हिस त्यांच्याच सेंटरनं केली, पैसे घेतले, आणि तेव्हा एका शब्दानं कुणी म्हणालं नाही की तुमची वॉरंटी आता धोक्यात आहे.

दुसरं, ‘इशारा दिवा लागल्यावरही वाहन चालवले’. हे त्यांनी माझ्याच तोंडून काढून घेतलं होतं. गाडी बंद पडली त्या रात्री हेल्पलाइनवरच्या मुलीनं विचारलं होतं, "दिवा लागल्यावर किती वेळ चालवली?" मी अंधारात, ट्रकच्या बाजूला, मुलांना घेऊन उभी होते. म्हणाले, "असतील दोन-चार मिनिटं." ते रेकॉर्ड झालं. खरं तर अर्धा मिनिटही नसेल. नंतर त्या मेकॅनिकनं गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद काढली. दाबाचा कोड पडला तेव्हाचं किलोमीटर आणि गाडी थांबली तेव्हाचं किलोमीटर एकच होतं. ती प्रिंट पाठवल्यावर हे कारण त्यांनी गुपचूप मागे घेतलं. उशिराच्या सर्व्हिसचंही घेतलं, कारण उशिरामुळे पट्टा झिजला हे त्यांना दाखवता येईना.

तिसरं कारण मात्र तसंच राहिलं. पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर पट्टा ‘झिजणारा भाग’ म्हणून यादीत होता, म्हणजे कव्हरमध्ये नाही. आणि त्याच्या दोन पानं पुढे एक ओळ: कव्हर नसलेल्या भागामुळे कव्हर असलेल्या भागाचं नुकसान झालं, तर तेही देय नाही. क्रँक कव्हरमध्ये, बेअरिंग कव्हरमध्ये, ऑइल पंप कव्हरमध्ये, पण सगळ्यांचा नाश पट्ट्यानं केला म्हणून कशाचेच पैसे नाहीत. इंजिनमधलं मोठं नुकसान बहुतेक वेळा असंच होतं, कुठला तरी लहान भाग आधी जातो आणि मोठ्याला घेऊन जातो. कधी रबरी होज (नळी) फाटतो, इंजिन थंड ठेवणारं कूलंट जातं आणि इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, तापून वाकतं. ही एक ओळ लागू केली की पत्रकावरच्या त्या हिरव्या खुणेत उरतं काय? मी हा प्रश्न त्यांना लेखी विचारला आहे. उत्तर आलेलं नाही.

दाद मागायची तर कुणाकडे, हेही धड कळत नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं, आम्ही फक्त कागद पुढे पाठवतो. गाडीची कंपनी म्हणते, आमची वॉरंटी तीन वर्षांत संपली. आणि वाढीव वॉरंटी देणारी तिसरीच कंपनी निघाली, जिचं नाव मी क्लेमच्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. वॉरंटी घेताना हे नाव विचारा. तोंडी नको, पावतीवर बघा.

आणि अटींचं पुस्तक पैसे देण्याआधी मागा. नंतर मेलवर येईल म्हणाले तर पैसेही नंतरच द्या. त्यात ‘झिजणारे भाग’ ही यादी आणि परिणामी नुकसानाची ती ओळ, एवढं तरी शोधून वाचा. एका क्लेमला जास्तीत जास्त किती रक्कम मिळते तेही बघा.

दुर्दैवानं इंजिन गेलंच, तर खोलायच्या सहीआधी जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर, लिहून घ्या की किती खोलणार, कुणाच्या परवानगीनं खोलणार, आणि क्लेम नाकारला तर जोडायचे पैसे कोण देणार. आधी फक्त ऑइल चेंबर उतरवायला सांगा. आमच्या बाबतीत सगळा पुरावा तिथेच होता: स्ट्रेनरवर काळ्या रबराचा चिकट थर, आणि ऑइलमध्ये बेअरिंगचा चुरा, उन्हात धरला तर चमचमणारा. हे बघायला पूर्ण इंजिन सुटं करायची गरजच नव्हती. खोलताना स्वतः हजर राहा, फोटो काढा, थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत घेऊन ठेवा, जुने भाग ताब्यात घ्या. माझं ऑइल त्यांनी माझ्या नकळत ओतून टाकलं, त्यामुळे तपासणीला द्यायला माझ्याकडे नमुनाच उरला नाही. फोनवर अंदाजानं वेळ किंवा किलोमीटर सांगू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

इंजिन मी शेवटी त्या बाहेरच्या मेकॅनिककडून, पदरचे पैसे घालून बांधून घेतलं. तक्रार दाखल केली आहे, निकाल लागायचा आहे.

माझ्या भावाकडे त्याच इंजिनची गाडी आहे, माझ्यापेक्षा वर्षभर नवी, हीच वाढीव वॉरंटी असलेली. माझं हे सगळं झाल्यावर मी त्याच्या मागे लागून त्याला त्याच मेकॅनिककडे नेलं. या इंजिनात ऑइल भरायच्या झाकणातून पट्टा दिसतो. मेकॅनिकनं टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच बघा." पट्ट्याच्या कडेला बारीक भेगा होत्या आणि एका ठिकाणी कड फुलून आली होती. चेंबर उतरवलं तर स्ट्रेनरची निम्मी जाळी बुजलेली. गाडी रोज चालत होती, दिवा नाही, आवाज नाही. सर्व्हिस बुकात पट्टा बदलायची मुदत अजून बरीच लांब होती. अशा पट्ट्यांची मुदत काही कंपन्यांनी नंतर कमी केली आहे, हे आम्हाला तेव्हा समजलं. भावानं पट्टा बदलला, जाळी आणि चेंबर साफ करून घेतलं, पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं ऑइल भरलं, आणि जुन्या पट्ट्याचे, जाळीचे फोटो तारखेसह वॉरंटीवाल्यांना त्याच दिवशी मेल केले. त्याची गाडी चालू आहे.